तीस सेकंद मध्ये यायचे नाही

सामना सुरू होण्याआधी चालक मुले हातातले कंट्रोलर खाली ठेवतात. एक जण पडद्यावरचे बटण दाबतो आणि हात मागे घेतो. पुढचे ३० सेकंद मैदानावरच्या एकाही रोबॉटला माणसाने चालवायचे नाही. रोबॉट चालतो तो लॅपटॉपवर आधीच लिहून ठेवलेल्या सूचनांवर: सत्तर सेंटिमीटर पुढे जा, पंचेचाळीस अंश डावीकडे वळ, चेंडू सोड, मागे ये. एरवी बोटांनी रोबॉट नाचवणारा चालक तेवढा वेळ कडेला उभा राहून नुसती मान वाकडी करत ‘वळ, वळ’ म्हणत असतो.

विद्यार्थ्यांच्या रोबॉट स्पर्धांमध्ये या टप्प्याला ‘ऑटो’ म्हणतात. फर्स्ट टेक चॅलेंज, म्हणजे एफटीसी, ही शाळकरी मुलांची जगभर चालणारी स्पर्धा. तिचा सामना अडीच मिनिटांचा असतो. पहिले ३० सेकंद ऑटोचे, पुढची दोन मिनिटे कंट्रोलरची. १२ फूट लांब आणि तेवढ्याच रुंद मैदानावर लाल बाजूचे दोन आणि निळ्या बाजूचे दोन असे चार रोबॉट उतरतात. सुरुवातीला प्रत्येकाने १८ इंचांच्या घनात मावायचे. एवढ्याशा जागेत चौघे एकाच वेळी डोळे मिटल्यासारखे धावत सुटतात.

समोरच्या संघाचा रोबॉट ऑटोमध्ये कोणत्या वाटेने जातो, हे त्याचे आधीचे दोन-तीन सामने पाहिले की कळते. प्रोग्रॅम तोच, त्यामुळे वाटही तीच. मग आपला रोबॉट त्या वाटेवर नेऊन उभा केला तर? आपल्याला गुण मिळणार नाहीत, पण त्यांचेही बुडतील. हा डाव कोणत्याही हुशार पोराला पहिल्याच हंगामात सुचतो. तो चालवून घ्यायचा का, यावर या स्पर्धांच्या नियमावल्या वर्षानुवर्षे खल करत आल्या आहेत.

कोल्हापूरकरांना हा प्रश्न फुटबॉलच्या भाषेत चटकन समजेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की खांद्याला खांदा भिडतो, पायात पाय येतात आणि प्रेक्षकांना त्यात मजाच वाटते. पण पेनल्टी किक मिळाली की चित्र पालटते. किक मारणारा आणि गोलरक्षक सोडून बाकी सगळ्यांनी चेंडूपासून किमान ९.१५ मीटर लांब उभे राहायचे, आणि गोलरक्षकानेही किक बसेपर्यंत रेषा सोडायची नाही. खेळ तोच असतो, खेळाडू तेच असतात, मात्र तेवढ्या वेळापुरता आडवे येण्याचा हक्क काढून घेतला जातो. ऑटोमधल्या रोबॉटला मिळणारे संरक्षण याच जातीचे आहे. फरक इतकाच, की पेनल्टी मारणाऱ्याला गोलरक्षक दिसत असतो. रोबॉटला समोरचा बहुतेक वेळा दिसतच नाही.

आपण कुठे आहोत हे रोबॉटला कसे कळते, ते पाहिले की या नियमाची गरज पटते. मोटरला जोडलेला एन्कोडर चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाकाचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर एका फेरीत रोबॉट साधारण ३१ सेंटिमीटर पुढे जातो. तीन फेऱ्या झाल्या म्हणजे आपण ९४ सेंटिमीटरवर पोहोचलो, असा त्याचा हिशेब. पण समोर दुसरा रोबॉट आडवा आला तर चाके चटईवर जागच्या जागी घसरत फिरतात. एन्कोडर इमानेइतबारे फेऱ्या मोजतच राहतो. रोबॉटच्या लेखी तो मुक्कामी पोहोचलेला असतो, प्रत्यक्षात तो वाटेतच अडकलेला असतो. तिथूनच तो हात उचलतो आणि चेंडू हवेत सोडून देतो.

यावर उपाय म्हणून काही संघ मोटर न जोडलेली, नुसती जमिनीला टेकून फिरणारी छोटी चाके लावतात. रोबॉट खरोखर सरकला तरच ती फिरतात. दिशा कळावी म्हणून जायरो सेन्सर असतो. अलीकडे मैदानाभोवती एप्रिलटॅग नावाचे काळे-पांढरे चौकोनी ठसे लावलेले असतात. मिशिगन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत विकसित झालेला हा ठसा कॅमेऱ्यात दिसला की रोबॉटला आपले अंतर आणि कोन काढता येतो. पण ठसा दिसण्यासाठी तोंड ठशाकडे हवे. धक्क्याने रोबॉट फक्त तीन अंशांनी फिरला आणि ती चूक दुरुस्त झाली नाही, तर पुढे तीन मीटर गेल्यावर तो जवळजवळ १६ सेंटिमीटर बाजूला पडलेला असतो. बऱ्याच खेळांत टोपलीचे तोंड एवढी चूक पोटात घेत नाही. कंट्रोलरच्या टप्प्यात असला धक्का चालक अर्ध्या सेकंदात सावरतो. ऑटोमध्ये सावरणारे कुणी नसते आणि एका हलक्या टकरीत उरलेले सगळे गुण जातात.

कोल्हापुरात रोबॉटचा सांगाडा उभा करणे अवघड नाही. शिवाजी उद्यमनगरात शाफ्ट लेथवर लावून मिळतो, प्लेट कापून-वाकवून मिळते, आणि बुश सैल होत असेल तर काम करणारा कारागीरच ‘हे असं नको, असं करा’ म्हणून मार्ग काढून देतो. घोडे अडते सरावापाशी. शाळेच्या एखाद्या खोलीत फोमच्या चटया अंथरून मुले सराव करतात तेव्हा मैदानावर त्यांचा रोबॉट एकटा असतो. तिथे ऑटो दहापैकी नऊ वेळा बिनचूक होतो. उरलेले तिघे त्याच चटईवर असताना काय होते, हे प्रत्यक्ष सामन्यातच कळते.

महाराष्ट्रात रोबॉटांच्या स्पर्धा लोकांच्या नजरेत भरल्या त्या रोबोकॉनमुळे. एबीयू ही आशिया-पॅसिफिक भागातल्या प्रसारण संस्थांची संघटना. तिने २००२ मध्ये टोकियोत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ही स्पर्धा भरवली आणि तेव्हापासून यजमान देश आपल्या मातीतल्या एखाद्या गोष्टीवर खेळ बेतत आला आहे. भारतात ही स्पर्धा दूरदर्शनशी जोडलेली. तिची राष्ट्रीय फेरी अनेक वर्षे पुण्यात बालेवाडीला होत असे, आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांची पोरे सुट्या केलेल्या यंत्रांची खोकी घेऊन तिकडे जात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपदही पुण्याला दोनदा मिळाले. २००८ चा खेळ दहीहंडीवर बेतलेला होता आणि त्याचे नावच ‘गोविंदा’. २०१४ चा खेळ आईवडिलांच्या मायेवर होता. त्यात माणसाने चालवलेला ‘पालक’ रोबॉट आपल्या स्वयंचलित ‘बाळाला’ सीसॉ, झोका, जंगल जिम अशा खेळण्यांवर नेतो. सगळी कामे उरकली की संघाची ‘शाब्बास’ होते आणि सामना तिथेच संपतो.

खोडा घालण्याच्या प्रश्नावर २०१४ च्या खेळात उत्तर सरळ होते. लाल संघाची खेळणी लाल भागात, निळ्याची निळ्या भागात. दोघे शेजारी खेळतात, एकमेकांशी नव्हे. अशा मैदानावर अडथळ्याबद्दल लांबलचक कलमे लिहावी लागत नाहीत, कारण आडवे जायला वाटच नसते. पंचांना सोपे, मुलांना न्याय्य. बघणाऱ्याला मात्र ती दोन स्वतंत्र शर्यती एकाच वेळी चालल्यासारखी वाटते.

२०२२ मध्ये भारताने नवी दिल्लीत यजमानपद भूषवले तेव्हा आखणी अगदी उलट झाली. त्या वर्षीचा खेळ होता लगोरी. गल्लीत लगोऱ्या फोडून वाढलेल्यांना तो समजावून सांगायची गरज नाही. एका संघाच्या रोबॉटने चेंडू मारून पाच चकत्यांची लगोरी फोडायची, त्याच्या जोडीदाराने ती पुन्हा रचायची. रचणाऱ्या रोबॉटच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला असतो आणि प्रतिस्पर्धी रोबॉट नेम धरून तो पाडायला बघतो. इथे दुसऱ्याच्या कामात विघ्न आणणे हाच खेळ. पण विघ्नाची रीत ठरवून दिलेली: मारायचे चेंडूने, आणि पाडायचा डोक्यावरचा चेंडू. अंगावर जाऊन लगोरी रचणाऱ्याला ढकलायचे नाही. गल्लीतल्या लगोरीतही हेच असते, फक्त तिथे नियमावली छापलेली नसते.

२०२४ मध्ये व्हिएतनाममधल्या क्वांग निन्हला झालेल्या खेळाने याहून बारीक तोडगा काढला. भातशेतीवर बेतलेल्या त्या खेळात दुसऱ्या क्रमांकाचा रोबॉट पूर्ण स्वयंचलित असणे सक्तीचे होते. त्याने आपल्या रंगाचे चेंडू कणग्यांत टाकायचे. कणग्या पाच, प्रत्येकीत चेंडू मावणार तीन, आणि त्या दोन्ही संघांना सामाईक. कणगी आपली ठरायला तिच्यात आपले निदान दोन चेंडू हवेत आणि सगळ्यात वरचा चेंडूही आपलाच हवा. अशा तीन कणग्या झाल्या की सामना जिंकला. म्हणजे समोरच्याच्या रोबॉटला स्पर्शही न करता त्याच्या चेंडूवर आपला चेंडू टाकून त्याचा हिशेब उधळता येतो. स्वयंचलित रोबॉटचे अंग सुरक्षित, पण त्याची योजना नाही. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला केवळ वाट पाठ करून भागत नाही. कणगीत आत्ता कुणाचा चेंडू वर आहे, हे कॅमेऱ्यातून पाहून निर्णय घेणारा रोबॉट करावा लागतो. अडथळ्याच्या सगळ्या नियमांत ही रचना सर्वांत हुशारीची म्हणावी लागेल.

शालेय स्पर्धांमध्ये इतकी चैन परवडत नाही. पहिल्यांदाच मोटर हाताळणाऱ्या आठवीतल्या मुलांकडून असा रोबॉट मागता येत नाही. म्हणून तिथे रेषा आखल्या जातात.

एफटीसीच्या २०२५-२६ च्या ‘डिकोड’ या खेळात मैदान ऑटोपुरते दोन भागांत वाटलेले आहे. प्रतिस्पर्ध्याचा रोबॉट पूर्णपणे त्याच्या स्वतःच्या भागात असेल तर ऑटोमध्ये त्याला धक्का लावायचा नाही. थेट नाही, आणि मध्ये चेंडू घेऊन त्या चेंडूमार्फतही नाही. ‘मी कुठे धडकलो, चेंडू धडकला’ ही पळवाट अशी आधीच बंद केलेली. शिवाय सामन्याच्या सुरुवातीला त्याच्या भागात मांडून ठेवलेले चेंडूही जागचे हलवायचे नाहीत. या दुसऱ्या अटीमागे अनुभव आहे. रोबॉटला अडवण्यापेक्षा त्याचा चेंडू वीतभर सरकवणे कितीतरी सोपे असते, आणि आंधळ्या रोबॉटला तेवढे पुरते. तो ठरलेल्या जागी जातो, रिकामी चटई उचलायचा प्रयत्न करतो आणि मग ठरलेल्या जागी जाऊन काहीच टाकत नाही.

थोरल्या मुलांच्या फर्स्ट रोबॉटिक्स कॉम्पिटिशनमध्ये, म्हणजे एफआरसीमध्ये, रोबॉट बॅटरी आणि बंपर सोडून ५० किलोच्या वर जाऊ शकतात. मुंबईचा आर फॅक्टर हा ६०२४ क्रमांकाचा संघ याच स्पर्धेतला. तिथे २०२४ च्या ‘क्रेसेंडो’ खेळात केशरी कड्यांपैकी पाच कडी मुद्दाम मधल्या रेषेवर ठेवली होती. ती दोघांचीही. ऑटोच्या १५ सेकंदांत दोन्हीकडचे रोबॉट त्यांच्यावर तुटून पडत. काही संघांनी कडी उचलण्याऐवजी ती नुसती इकडेतिकडे उडवून देण्याचा डाव मांडला, आणि नियमांत तो बसत होता. पण बंपर मधल्या रेषेच्या पूर्ण पलीकडे गेले आणि त्या स्थितीत प्रतिस्पर्ध्याला स्पर्श झाला की दंड. धडक आधी कुणी दिली, हे पाहायचेच नाही.

हे शेवटचे कलम वरकरणी अन्यायाचे वाटते. माझा रोबॉट उभा होता, तो येऊन आदळला, तर दंड मला का? पण ऑटोमध्ये हेतूचा प्रश्न भलताच गुंतागुंतीचा आहे. कंट्रोलर हातात असताना पंच चालकाकडे बघून काहीतरी ताडू शकतो. ऑटोमध्ये हेतू असलाच तर तो प्रोग्रॅममध्ये असतो, आणि पंच कुणाचा प्रोग्रॅम उघडून वाचत बसत नाही. दुसऱ्याला अडवायला निघालेला रोबॉट आणि जायरो बिघडून भरकटलेला रोबॉट मैदानावर सारखेच दिसतात. तेव्हा मनात काय होते हे शोधण्यापेक्षा बंपर कुठे होता एवढेच बघणे पंचाच्या आवाक्यातले. हा नियम कठोर आहे, पण त्याला पर्याय दिसत नाही. निष्पाप भरकटलेल्याला दंड होईल हे मान्य करूनच तो लिहिलेला आहे, आणि त्याचा एक फायदाही आहे: रेषेजवळ जाणारा संघ आपला रोबॉट कुठे थांबेल याची आधी खात्री करून घेतो.

व्हेक्स या विद्यार्थ्यांच्या आणखी एका रोबॉट स्पर्धेतही अशीच रेषा असते. १५ सेकंदांच्या ऑटोमध्ये ती ओलांडून पलीकडच्या चटईला किंवा वस्तूला हात लावला, तर ऑटोचे बक्षिसाचे गुण थेट समोरच्या बाजूला जातात. पण २०२१-२२ च्या ‘टिपिंग पॉइंट’ या खेळात या रेषेवरच तीन पिवळे, कुणाच्याच मालकीचे नसलेले गोल ठेवले होते. शिट्टी वाजताच दोन्हीकडचे रोबॉट एकाच गोलावर झडप घालत, दोन्ही टोकांनी पकडत आणि मग रस्सीखेच सुरू होई. नियम म्हणत होता, तिथे जायचे तर स्वतःच्या जबाबदारीवर जा. ओघात झालेल्या टकरीची तक्रार ऐकली जाणार नाही. संरक्षण हवे असेल तर आपल्या अंगणात खेळा, जास्त गुण हवे असतील तर रेषेवर या आणि धक्के खा. मुलांना हे पटते. त्या हंगामात गोल पटकन पकडून मागे खेचणारी यंत्रणा बनवण्यात कितीतरी संघांनी महिने घातले.

एफआरसीने तर एकदा ऑटोमधल्या अडथळ्याला राजमान्यताच दिली होती. २०१४ च्या ‘एरियल असिस्ट’ खेळात गोलरक्षकाचा स्वतंत्र पट्टा होता. तिथे उभ्या रोबॉटला एरवीच्या पाच फुटांच्या मर्यादेपेक्षा वर एक खांब उभारता येई आणि ऑटोच्या १० सेकंदांतही समोरून येणारा चेंडू अडवता येई. चेंडू मारणाऱ्याने मग एकाच जागेवरून एकाच कोनात मारून चालत नसे. थोडे सरकून मारायचे दुसरे ऑटो, उशिरा मारायचे तिसरे ऑटो, असे दोन-तीन प्रोग्रॅम संघ सोबत ठेवत आणि सामन्याच्या तोंडावर एक निवडत.

मैदानाबाहेरून घातलेल्या खोड्याची सर्वांत गाजलेली घटना २०१२ ची. एप्रिल महिन्यात सेंट लुईसला एफआरसीचे जागतिक अंतिम सामने चालू असताना रोबॉट मध्येच मेल्यासारखे थांबू लागले. काही हजार प्रेक्षकांसमोर. स्पर्धा भरवणाऱ्या फर्स्ट या संस्थेने चौकशी केली आणि त्याच वर्षी जुलैत अहवाल प्रसिद्ध केला. एक व्यक्ती मोबाइलवरून रोबॉटांच्या वाय-फायला चुकीच्या पासवर्डने जोडण्याचा मुद्दाम प्रयत्न करत होती आणि यंत्रणेतल्या एका उणिवेमुळे त्या प्रयत्नाने रोबॉटचा संपर्क तुटत होता. पण अहवालाने तेवढ्यावर खापर फोडून विषय संपवला नाही. काही रोबॉट त्यांच्या स्वतःच्या दोषांमुळे थांबल्याचेही त्यात आहे. आज स्पर्धेच्या जागी स्वतःचे वाय-फाय सुरू करायला संघांना बंदी असते. हॉटस्पॉट चालू ठेवून मैदानाजवळ उभ्या राहिलेल्या पालकांनाही स्वयंसेवक येऊन तो बंद करायला लावतात, त्याचे कारण हे.

ज्या स्पर्धेत सगळाच सामना ऑटो असतो तिथे तर प्रश्न उलटा फिरतो. १९९७ पासून भरणाऱ्या रोबोकप फुटबॉलमध्ये माणसासारखे दोन पायांचे रोबॉट कुणाच्याही मदतीविना खेळतात. तिथे अडवणे हा खेळाचाच भाग, पण समोरच्याला ढकलले की रोबॉटला काही काळ मैदानाबाहेर बसवतात. म्हणजे ‘ढकलायचे नाही’ हेही प्रोग्रॅममध्येच लिहावे लागते, आणि त्यासाठी समोर कोण आहे हे रोबॉटला आधी दिसावे लागते.

एफटीसीत निकालाबद्दल शंका असेल तर तिची रीत ठरलेली आहे. मैदानाजवळ आखलेल्या चौकोनात संघाच्या एका विद्यार्थ्याने जाऊन उभे राहायचे आणि मुख्य पंचाला विचारायचे. प्रशिक्षकाने नाही, पालकाने तर नाहीच. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला तरी पंच तो पाहणार नाही. ‘सर, आमचा रोबॉट पूर्ण आमच्या भागात होता का, ते कुणी पाहिलं?’ एवढाच प्रश्न नियमाच्या शब्दांत विचारता आला तर ऐकून घेतला जातो. ‘त्यांनी मुद्दाम केलं’ याला उत्तर मिळत नाही, कारण कलमात ‘मुद्दाम’ हा शब्दच नसतो.

आणि इतके सगळे नियम पाठ करून आलेल्या नव्या संघाची पहिली टक्कर पुष्कळदा स्वतःच्याच जोडीदाराशी होते. प्राथमिक फेऱ्यांत जोडीदार चिठ्ठ्यांसारखा ठरतो. दुसऱ्याच गावचा, आदल्या दिवसापर्यंत कधी न भेटलेला संघ. दोघांचेही ऑटो त्याच चेंडूंकडे, त्याच वाटेने जाणारे. त्यावर नियमावलीत दंड नाही आणि संरक्षणही नाही. म्हणून सामन्याच्या आधी पिटमध्ये, रोबॉट दुरुस्त करायच्या टेबलांच्या गर्दीत, दोन मुली कागदावर मैदान काढून बसतात. ‘तुम्ही कुठनं सुटताय?’ ‘भिंतीकडनं. सरळ जातो, मग उजवीकडं.’ ‘मग आम्ही सात सेकंद थांबतो. आमच्यात तशी सोय आहे.’ ‘सात नको, दहा थांबा. आमचा वळताना जरा रेंगाळतो.’